शाळा जूनमध्ये, शिक्षक-शिक्षण ऑक्टोबरात

शिक्षक घडवणाऱ्या संस्थांच्या बाबतीत हैदराबाद संपन्न शहर आहे. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण महाविद्यालय, मासाब टँकची सरकारी आयएएसई, गच्चीबावलीचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आणि तिथलेच केंद्रीय विद्यापीठ, तारनाक्याची इफ्लू. यांतली इफ्लू तर १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापकांना तयार करण्यासाठीच निघालेल्या केंद्रीय संस्थेतून वाढलेली आहे. या शहरात शिक्षणशास्त्रावर बोलणारी माणसे, ग्रंथालये, प्रबंध, चर्चासत्रे यांची वाण नाही. तरीही राज्यातला बी.एड.चा साधा छात्राध्यापक ज्या दिवशी आपल्या पहिल्या सत्राच्या वर्गात पाऊल टाकतो, त्या दिवशी त्याच्या शेजारच्या शाळेचे वर्ष बरेच पुढे सरकलेले असते. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, त्यात मानसशास्त्र किती आणि विषयज्ञान किती, यावर आपल्याकडे आयोगांमागून आयोगांनी खल केला. सत्र कोणत्या महिन्यात उघडावे, हा प्रश्न मात्र प्रशासनाचा समजून कारकुनांवर सोपवला गेला. माझे म्हणणे असे की तो मुळात शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या माणसाला प्रशिक्षणाच्या काळात एकदा तरी शाळेचे वर्ष उघडताना आतून पाहायला मिळाले पाहिजे, आणि आजच्या वेळापत्रकात नेमके तेवढेच जमत नाही.

तारखा पाहा. तेलंगणातल्या शाळा उन्हाळी सुटीनंतर १२ जूनला उघडतात. गेली काही वर्षे ही तारीख ठरलेलीच आहे. त्याच्या आसपास ‘प्रोफेसर जयशंकर बडिबाट’ हा पटनोंदणीचा कार्यक्रम असतो आणि सरकारी शाळांचे शिक्षक घरोघर जाऊन मुले शाळेत आणतात. जुलैअखेर पहिली रचनात्मक चाचणी, सप्टेंबरात दुसरी, मग बतुकम्मा-दसऱ्याची सुटी आणि ऑक्टोबरात पहिली संकलित परीक्षा. आता बी.एड.चे पंचांग त्याशेजारी ठेवू. २०२३ साली एडसेट ही प्रवेशपरीक्षा १८ मे रोजी झाली. समुपदेशन, जागावाटप, शुल्कभरणा हे सारे होऊन वर्ग भरायला ऑक्टोबरअखेर उजाडली. २०२४ साली परीक्षा २३ मे रोजी झाली आणि वर्ग ऑगस्टअखेर सुरू झाले. हे वर्ष त्यातल्या त्यात बरे म्हणायचे, तरी शाळेची पहिली चाचणी तोवर उरकून गेली होती. चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी देशभर होणारी एनसीईटी २०२३ मध्ये ९ ऑगस्टला होती. २०२४ मध्ये ती १२ जूनला ठेवली होती. त्या दिवशी तांत्रिक अडचणींमुळे ती पुढे ढकलावी लागली आणि १० जुलैला झाली. म्हणजे तेलंगणातली मुले नव्या वर्गात बसत होती त्याच दिवशी उद्याचे शिक्षक संगणकासमोर प्रवेशपरीक्षेची वाट पाहत होते. योगायोग खरा, पण या दोन पंचांगांचा एकमेकांशी काही संबंध असावा असे तारखा ठरवणाऱ्यांना वाटत नाही, हेही त्यातून दिसते.

जूनच्या त्या दोन-तीन आठवड्यांत शाळेत असे काय घडते की ते न पाहिल्याने शिक्षक अधुरा राहावा? बाहेरून पाहणाऱ्याला ती गडबड वाटते. दाखले, जनरल रजिस्टरमधल्या नोंदी, पुस्तकांचे गठ्ठे, गणवेशाची मापे, मध्यान्ह भोजनाचा पट. शिकवणे अजून सुरूच व्हायचे असते, असे पालकही म्हणतात. वर्ग तयार होतो तो मात्र याच दिवसांत. कोण कुणाशेजारी बसणार, पाण्याला जाताना विचारायचे की नुसते उठायचे, वही कुठे ठेवायची, उत्तर येत नसेल तर गप्प राहिलेले चालते की काहीतरी बोललेच पाहिजे, बाईंचा आवाज चढला म्हणजे नेमके काय समजायचे, अशा शंभर गोष्टी मुले या काळात शिकतात आणि पुढचे दहा महिने त्यांवर वर्ग चालतो. गेल्या वर्षीच्या शिक्षकाकडून या वर्षीच्या शिक्षकाकडे मुलांची माहिती जाते ती तेव्हाच, आणि बहुधा तोंडीच: याला दिसायला कमी आहे, ही आजीकडे राहते, या दोघांना एकत्र बसवू नका. कोणाला वाचता येते आणि कोण पाठ केलेले म्हणून दाखवते, हा शोधही तेव्हाच लागतो. हैदराबादसारख्या शहरात बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुले असतात; त्यांच्या घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी. २०२२-२३ पासून तेलंगणाने सरकारी शाळांत पहिली ते आठवीला इंग्रजी माध्यम आणले आणि एका पानावर तेलुगू, समोरच्या पानावर इंग्रजी अशी पुस्तके दिली. ती पुस्तके पहिल्यांदा मुलाच्या हातात पडतात तेव्हा शिक्षक कोणत्या पानापासून सुरुवात करतो, हे पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबरात सराव पाठासाठी येणाऱ्या छात्राध्यापकाला यातले काहीही दिसत नाही. त्याला दिसतो तो बसलेला, घडी पडलेला वर्ग. तो आपले पाठ टाचण घेऊन उभा राहतो, मुले शांत ऐकतात, मार्गदर्शक निरीक्षण वहीत शेरा लिहितात आणि त्या शांततेचे श्रेय आपल्या पाठाला आहे असे त्याला मनापासून वाटते. वर्गशिक्षकाने जूनमध्ये केलेले काम त्याच्या नजरेस पडलेलेच नसते.

हे केवळ अनुभवी शिक्षकांचे मत नाही. एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन या संशोधकांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या तिसरीच्या २७ वर्गांचा वर्षाच्या पहिल्या दिवसापासून अभ्यास केला आणि निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी पहिल्या तीन आठवड्यांत वर्गात बसून बारकाईने नोंदी घेतल्या आणि नंतर वर्षभर हे वर्ग कसे चालले ते ताडून पाहिले. ज्यांचे वर्ग वर्षभर नीट चालले त्या शिक्षकांनी सुरुवातीच्या दिवसांत वर्गातले नियम आणि रीती एखाद्या पाठासारख्या शिकवल्या होत्या: करून दाखवल्या, मुलांकडून करवून घेतल्या, चुकल्यावर पुन्हा समजावल्या. इतरांकडेही नियम होते, पण ते एकदा सांगून सोडून दिलेले. काही वर्षांनी याच गटाने प्रयोग करून पाहिला. शिक्षकांना वर्षाच्या आरंभी या गोष्टींचे मार्गदर्शन दिल्यावर त्यांच्या वर्गांत फरक पडला. २७ वर्ग म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, आणि टेक्सासची तिसरी म्हणजे तेलंगणाची तिसरी नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे. आपल्या वर्गात पटसंख्या वेगळी, एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात, पावसाने गैरहजेरी वाढते. पण या फरकांमुळे पहिल्या आठवड्यांचे वजन कमी होत नाही. माझ्या मते वाढते. ज्या वर्गात शिक्षकाला एका वेळी दुसरी आणि तिसरी सांभाळायची आहे, तिथे मुलांना स्वतःहून कामाला लागायची सवय जूनमध्ये लागली नाही तर नंतर ती लावायला उसंत मिळत नाही.

यावर सहज सुचणारा आक्षेप असा की शाळेचा पहिला दिवस कुणी पाहिलेला नाही? प्रत्येक छात्राध्यापक दहा-बारा जून महिने शाळेत काढूनच इथवर आला आहे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ च्या ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात या आक्षेपाला पुरेसे उत्तर देऊन ठेवले आहे. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३ हजार तास शिक्षकांच्या सहवासात गेलेले असतात, असा त्याचा हिशेब होता. इतक्या दीर्घ निरीक्षणामुळे शिकवणे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे असे प्रत्येकाला वाटते. पण ते पाहणे बाकावरून झालेले असते. शिक्षकाने आदल्या रात्री काय ठरवले, दोन पर्यायांतला एक का निवडला, कोणत्या मुलाकडे मुद्दाम पाहिले आणि कोणाकडे मुद्दाम दुर्लक्ष केले, हे बाकावरून कळत नाही. म्हणून नवा शिक्षक अडचणीत सापडला की बी.एड.मध्ये शिकलेले बाजूला ठेवतो आणि आपल्या लहानपणीच्या गुरुजींसारखा वागू लागतो. जूनमधला वर्ग त्याने मोठेपणी, वर्गशिक्षकाच्या शेजारी उभे राहून पाहिला तरच त्या बालपणीच्या चित्राला धक्का बसेल.

आणि नेमणूक झाल्यावर तरी तो पाहायला मिळतो का? तेलंगणात २०२४ च्या डीएससीत, म्हणजे शिक्षकभरतीत, ११,०६२ पदे जाहीर झाली. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, निकाल ३० सप्टेंबरला, आणि ९ ऑक्टोबरला हैदराबादच्या एल. बी. स्टेडियमवर दहा हजारांहून अधिक उमेदवारांना नेमणुकीची पत्रे दिली गेली. अनेक वर्षे रखडलेली भरती झाली याचे समाधान आहेच. पण शाळेच्या दृष्टीने पाहिले तर हे नवे शिक्षक वर्ष अर्धे होत आले असताना वर्गात गेले. त्यांच्यापैकी ज्यांनी आधी खासगी शाळेत काम केले नव्हते, त्यांनी नव्या वर्षाची सुरुवात पहिल्यांदा पाहिली ती जून २०२५ मध्ये, स्वतःच्या जबाबदारीवर, शेजारी कोणी मार्गदर्शक नसताना. प्रशिक्षणात जे राहिले ते नोकरीत भरून निघते असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. तिथे चुकांची किंमत प्रशिक्षणार्थी देत नाही. पहिलीतली मुले देतात.

जुन्या हैदराबाद संस्थानात याहून वेगळे एक उदाहरण होते, आणि त्याचा मराठीशी जवळचा संबंध आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई या गोंडांच्या गावात शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड मुलांना गोंड शिक्षक मिळावेत हा हेतू. त्या भागातल्या थोड्याबहुत साक्षर गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीमुळे, म्हणून गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतु माधवराव पगडी या भागात सरकारी अधिकारी होते; त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. मारलवाईची योजना काही वर्षांनी मागे पडली, तिच्या मर्यादाही होत्या. पण शिक्षक कुठे तयार करायचा याचे तिथले उत्तर स्पष्ट होते: ज्या मुलांना तो शिकवणार त्यांच्या गावात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे उभे केले, त्यातही बालसेविकांची तयारी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांमध्येच होत होती. या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षणाचे पंचांग वेगळे छापायची गरजच पडली नसणार. आज आदिलाबादेत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि तेलंगणा राज्य मराठीतूनही पाठ्यपुस्तके छापते. कोलामी, गोंडी बोलणारे मूल जूनमध्ये मराठी वा तेलुगू वर्गात येते तेव्हा त्याच्याशी पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न हैदराबादच्या व्याख्यानकक्षात ऑक्टोबरात शिकवता येतो. पण तो प्रश्न आहे, हे मात्र जूनमध्ये तिथे असल्याशिवाय उमगत नाही.

विद्यापीठातल्या विभागांचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला थारा दिला पाहिजे. ते म्हणतात, ज्याला बालमानसशास्त्र ठाऊक नाही, शिक्षणाचे सामाजिक अधिष्ठान ठाऊक नाही, अशा पदवीधराला पहिल्याच दिवशी शाळेत पाठवले तर तो काय पाहणार? त्याला गडबड दिसेल आणि गडबड आवरणे म्हणजे शिकवणे असा ग्रह होईल. हे अगदी खोटे नाही. नुसते पाहण्याने काही शिकता येत नाही; लॉर्टीचे उत्तर इथे उलटही फिरते. म्हणून जूनच्या निरीक्षणाला प्रश्नांची साथ हवी आणि संध्याकाळी विभागात बसून त्या प्रश्नांवर बोलणे हवे. पण क्रम मात्र बदललाच पाहिजे. पहिल्या दिवशी दप्तर न सोडणारे मूल पाहून आलेल्या छात्राध्यापकाला आसक्ती आणि विलगतेवरचे प्रकरण वाचायला दिले तर तो ते वेगळ्या आस्थेने वाचतो. ज्याने तसे मूल पाहिले नाही तो तेच प्रकरण दहा गुणांच्या उत्तरासाठी वाचतो. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच शिक्षक-शिक्षणाच्या एकाकीपणावर बोट ठेवले होते: विद्यापीठाच्या बौद्धिक जीवनापासून तुटलेले, शाळांपासून तुटलेले आणि आपसांतही तुटलेले. गेल्या सहा दशकांत विद्यापीठाशी नाते सुधारले, सेमिस्टर आले, श्रेयांक आले. पण सेमिस्टर ही विद्यापीठाची कालगणना आहे, आणि ती जशीच्या तशी उचलल्याने शाळेपासूनचे अंतर आणखी वाढले, असे मला वाटते.

मग येते व्यवहाराची अडचण. पदवीचे निकाल उशिरा लागतात, त्याशिवाय प्रवेश कसे द्यायचे? महाविद्यालयांची संलग्नता, समुपदेशनाच्या फेऱ्या, रिकाम्या जागांसाठी आणखी एक फेरी. जूनमध्ये वर्ग भरणे अशक्य. पहिल्या वर्षापुरते हे बऱ्याच अंशी मान्य. पण दुसऱ्या वर्षाचा छात्राध्यापक आधीच पटावर असतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, एकूण २० आठवडे शाळेतले काम ठेवले आणि त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षाला दिले. हे १६ आठवडे १२ जूनपासून मोजले तर २ ऑक्टोबरला संपतात, म्हणजे दसऱ्याच्या सुटीच्या आगेमागे. शाळेची सुरुवात, दोन चाचण्या आणि त्यानंतरची उजळणी, एवढा सलग तुकडा छात्राध्यापकाला आतून पाहता येतो. यासाठी नवा कायदा लागत नाही की नवा निधी. लागते ते इतकेच की तिसऱ्या सत्राचा आरंभ विद्यापीठाने दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बांधून ठेवू नये. पहिले वर्ष ऑक्टोबरात सुरू झाले म्हणून दुसऱ्या सत्राची परीक्षा पावसाळ्यात जाते, म्हणून तिसरे सत्र लांबते, आणि एका वर्षाचा उशीर पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतो. परीक्षा राहिली असेल तर ती या १६ आठवड्यांच्या आंतरवासितेनंतर घ्यावी. छात्राध्यापक शाळेत चार महिने काढून आल्यावर त्या परीक्षेत उत्तरे जरा बरीच लिहील.

मुख्याध्यापकांची बाजू मला विद्यापीठांच्या बाजूपेक्षा अधिक पटते. जूनमध्ये बदल्या झालेल्या असतात, काही पदे रिकामी असतात, खोल्या गळत असतात. त्यात दहा-बारा छात्राध्यापक येऊन उभे राहिले तर त्यांना बसवायचे कुठे? आजवर शाळांनी असे पाहुणे पुष्कळ सोसले आहेत. त्यांचे ठरलेले पाठ व्हावेत म्हणून वर्गशिक्षकाने तास द्यायचा, नंतर तोच घटक पुन्हा शिकवायचा. या तक्रारीवर इलाज एकच: पहिले तीन आठवडे छात्राध्यापकाने पाठ घ्यायचाच नाही. एका वर्गशिक्षकाबरोबर एकजण, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. पटनोंदणीला बरोबर जाणे, पुस्तके वाटणे, मुलांचे वाचन एकेकाला बसवून ऐकणे, नोंदी करणे. चाळीस मुलांचे वाचन एकट्याने ऐकायला वर्गशिक्षकाला सवड नसते. तिथे हा दुसरा माणूस खऱ्या उपयोगाचा आहे. शाळेला काहीतरी देणारा छात्राध्यापक मुख्याध्यापकाला जूनमध्येही जड होणार नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मी निरुत्तर होतो. ज्या महाविद्यालयांत विद्यार्थी केवळ प्रवेश घेतात आणि परीक्षेला उगवतात, तिथे सत्र जूनमध्ये सुरू झाले काय आणि डिसेंबरात झाले काय! न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक-शिक्षणाच्या दुरवस्थेवर जे लिहिले, त्याचे मूळ महाराष्ट्रातल्या अध्यापक महाविद्यालयांच्या मान्यतेवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात होते, हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये. नियमात वर्षाला २०० कामाचे दिवस आहेत, आंतरवासितेला ९० टक्के हजेरी आहे. नियम कडकच आहेत. कागदावर चालणाऱ्या संस्थेवर पंचांगाचा इलाज चालत नाही, तिथे मान्यता काढण्याचेच धैर्य लागते. पण सगळ्याच संस्था तशा नाहीत. ज्या प्रामाणिकपणे चालतात त्यांच्या विद्यार्थ्यांनाही आज जून पाहायला मिळत नाही.

पुढची काही वर्षे या दृष्टीने निर्णायक आहेत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. २०२३-२४ मध्ये देशातल्या निवडक संस्थांत त्याची सुरुवात झाली आणि हैदराबादचे उर्दू विद्यापीठ त्यांत आहे. चार वर्षे म्हणजे आठ सत्रे, आणि पहिला जून प्रवेशात गेला तरी पुढचे तीन जून हाताशी राहतात. या विद्यापीठाची स्वतःची मॉडेल स्कूल हैदराबादेत आहे, आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याचे अध्यापक महाविद्यालयही आहे. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांनी आवारातच शाळा चालवून चार वर्षांचे शिक्षण अनेक दशके दिले आहे, म्हणजे नमुना घरातच आहे. एनसीईटी २०२५ मध्ये २९ एप्रिललाच झाली, तेव्हा तारखा मागे आणता येतात हेही सिद्ध झाले. दुसरीकडे एनसीटीईच्या नव्या नियमांच्या २०२५ च्या मसुद्यात एक वर्षाचे बी.एड. परत आणण्याची तरतूद आहे. ते आले आणि ऑक्टोबरातच सुरू होत राहिले, तर त्यातला एकुलता एक जून परीक्षेच्या तयारीत जाईल. नियम पक्के होण्याआधीच त्यात शाळेच्या पहिल्या तीन आठवड्यांची अट घातली पाहिजे.

महाराष्ट्राची स्थिती तेलंगणाहून निराळी नाही. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. बी.एड.ची सीईटी २०२४ आणि २०२५ मध्ये मार्चमध्येच झाली, तरी केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्या पावसाळाभर चालत राहतात. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाला आणि विद्यापीठांना जे करायचे ते त्यांनी करावेच. पण अध्यापक महाविद्यालयांच्या प्राचार्यांना त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यात आपल्या दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापकांची यादी करा, जवळच्या जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांच्या मुख्याध्यापकांशी मेमध्येच बोला, आणि शाळेची पहिली घंटा होईल तेव्हा ती मुले-मुली एकेका वर्गशिक्षकाच्या शेजारी उभी असतील एवढे पाहा.